गुलमंडीजवळचा एक वाडा : जुन्या शहराचे पुनरुज्जीवन आणि किरायाच्या खोल्यांचा प्रश्न

२०२४ च्या पावसाळ्यापूर्वी छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या भागात, गुलमंडीपासून पायी काही मिनिटांवर असलेल्या एका वाड्याला महानगरपालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस आली. इमारत तातडीने दुरुस्त करावी किंवा उतरवून घ्यावी, अन्यथा होणाऱ्या हानीस मालक व भोगवटादार जबाबदार राहतील, असा त्या नोटिशीचा आशय होता. वाड्याचे चार वारस, दोन जुनी किरायेदार कुटुंबे आणि रस्त्याच्या अंगाला असलेला एक कापड दुकानदार यांना त्यानंतरच्या वर्षभरात जे निर्णय घ्यावे लागले, त्यांची ही नोंद आहे. वारस आणि किरायेदार या दोघांच्याही संमतीने मी या बोलण्यांत मध्यस्थ म्हणून होतो. संबंधितांच्या इच्छेनुसार नावे आणि गल्ली गाळली आहे. जुन्या शहराच्या पुनरुज्जीवनाची चर्चा आपल्याकडे ऐतिहासिक दरवाजे, चौक आणि रस्ते यांच्याभोवतीच फिरते. या वाड्याचे प्रकरण मात्र दाखवून देते की माडीवरच्या चार खोल्यांत माणसे राहतात की कापडाचे गठ्ठे, यावरच त्या गल्लीचे पुढे काय होणार हे ठरते.

शहराची पार्श्वभूमी थोडक्यात सांगावी लागेल. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी येथे वसवलेले हे शहर साडेतीन शतके कोटाच्या आत आणि कोटाला लागून वाढत राहिले. गेल्या शतकाच्या सत्तरीच्या दशकात सिडकोने पूर्वेला नवी वसाहत उभारायला घेतली, १९८२ मध्ये महानगरपालिका स्थापन झाली, चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीनंतर वाळूजची औद्योगिक वसाहत फोफावली आणि १९८५ मध्ये तेथे बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. २००१ च्या जनगणनेत पावणेनऊ लाखांच्या आसपास असलेली महानगरपालिका हद्दीतील लोकसंख्या २०११ मध्ये पावणेबारा लाखांवर गेली. ही वाढ मुख्यत्वे बाहेरच्या बाजूला झाली. गारखेडा, सातारा-देवळाई, बीड बायपास, हर्सूल, पडेगाव या भागांत फ्लॅटच्या इमारती आणि गुंठेवारीच्या (गुंठ्यागुंठ्याने जागा विकून झालेल्या) वसाहती उभ्या राहिल्या. वाळूजकडे रांजणगाव आणि बजाजनगर भागांत कामगारांसाठी खोल्यांच्या रांगा बांधल्या गेल्या. शेंद्रा-बिडकीनच्या ऑरिक या औद्योगिक वसाहतीत येऊ घातलेल्या उद्योगांमुळे, विशेषतः टोयोटा किर्लोस्करने जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारशी सामंजस्य करार केल्यानंतर, किरायाच्या घरांची मागणी आणखी वाढेल असे गृहीत धरून दलाल बोलू लागले आहेत. या सगळ्या काळात गुलमंडी, औरंगपुरा, सराफा, राजाबाजार, शहागंज या भागांतला व्यापार वाढला, परंतु तेथे रात्री मुक्कामाला असणारी कुटुंबे एकेक करून बाहेर पडली.

२०१६ मध्ये शहराची निवड स्मार्ट सिटी अभियानात झाली. त्यातून काही ऐतिहासिक दरवाज्यांची डागडुजी झाली, शहागंजच्या घड्याळाच्या मनोऱ्याला पूर्वीचे रूप मिळाले आणि २०१९ पासून शहर बस धावू लागली. ही कामे मोलाची आहेत आणि ती झाल्याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र या कामांची हद्द वाड्याच्या उंबऱ्यापाशी संपते, आणि ज्या इमारतींमुळे जुने शहर जुने वाटते त्यांचे भवितव्य उंबऱ्याच्या आत ठरत असते.

हा वाडा दोन मजल्यांचा आहे. रस्त्याकडे दोन गाळे, मधून देवडी, आत चौक, चौकाभोवती ओसरी आणि खोल्या, वर माडी आणि माडीवर माळवद, म्हणजे मातीचे सपाट छत. भिंती विटा आणि चुन्याच्या, खांब आणि तुळया सागवानी. नोटीस आल्यावर आम्ही एका अनुभवी संरचना अभियंत्याला घेऊन वाडा तपासला. खांब ठणठणीत होते. दुखणे माळवदात होते. गळती थांबवण्यासाठी दर उन्हाळ्याच्या शेवटी पांढरी माती टाकायची, अशी आपल्याकडची जुनी रीत आहे; पण पूर्वी नवी माती टाकण्याआधी जुनी काढून घेत, ते काढण्याचे काम गेल्या कित्येक वर्षांत कोणी केले नव्हते. थरावर थर चढून माती गुडघ्याच्या वर गेली होती. ओल धरलेल्या त्या मातीचे वजन किलचनावर (तुळयांवर अंथरलेल्या लाकडी पट्ट्यांवर) आणि किलचनाचे तुळयांवर येत होते, आणि दोन खोल्यांत तुळयांची भिंतीत रोवलेली टोके कुजून पावडर झाली होती. त्यातच मागच्या भिंतीला कोणी तरी सिमेंटचा गिलावा केला होता. चुन्याच्या भिंतीची ओल त्यामुळे बाहेर पडायची थांबली आणि आतल्या विटा फुगल्या. ही सगळी दुरुस्तीजोगी दुखणी होती. अभियंत्याचे मत स्पष्ट होते की माळवदाची माती उतरवली, टोके बदलली आणि मागची भिंत मोकळी केली तर वाडा आणखी कित्येक वर्षे उभा राहील.

मग तो एवढा खालावला कशामुळे? याचे उत्तर किरायाच्या हिशेबात आहे. मराठवाड्यात पूर्वी हैदराबाद घरे नियंत्रण अधिनियम, १९५४ लागू होता. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ अमलात आला आणि जुन्या किरायेदारीचा हिशेब त्याच्याखाली आला. नव्या कायद्याने १ ऑक्टोबर १९८७ रोजी जे भाडे होते त्यात ५ टक्के वाढ धरून प्रमाण भाडे ठरवले आणि पुढे दरसाल ४ टक्के वाढीची मुभा दिली. वाड्यातल्या दोन खोल्यांच्या एका बिऱ्हाडाचे १९८७ मधले भाडे ८० रुपये होते. त्यावर ५ टक्के धरले की ८४ रुपये होतात, आणि २४ वर्षे दरसाल ४ टक्के चढत गेले तरी २०२४ मध्ये रक्कम सुमारे २१५ रुपयांवर पोहोचते. प्रत्यक्षात मालकाने ही वाढही कधी रीतसर मागितली नव्हती; पावत्या देणे बंद केले होते आणि किरायेदार १०० रुपयांची मनिऑर्डर करून तिची पावती जपून ठेवत होते. इमारत राहण्याजोगी ठेवणे ही मालकाची जबाबदारी कायद्याने ठरवलेली आहे, आणि मालकाने ती पाळली नाही तर किरायेदाराने नोटीस देऊन स्वतः दुरुस्ती करावी व खर्च भाड्यातून वळता करावा, अशी सोयही आहे. परंतु एका वर्षात वळती करता येणारी रक्कम वार्षिक भाड्याच्या एक चतुर्थांशाहून अधिक असता कामा नये. २१५ रुपये महिना म्हटले तर ही रक्कम वर्षाला ६४५ रुपये होते. एवढ्यात माळवदावरची माती खाली उतरवणाऱ्या मजुराची एका दिवसाची हजेरी कशीबशी निघेल.

या हिशेबावरून मालकाला लोभी किंवा किरायेदाराला आडमुठा ठरवण्याची आपल्याकडे फार सवय झाली आहे, आणि ती अन्यायकारक आहे. वाड्यातल्या आजी लग्न होऊन आल्या तेव्हापासून त्याच दोन खोल्यांत राहतात. पतीच्या पश्चात मुलगा चिकलठाण्याला कंत्राटी कामावर आहे, आणि बाहेर घर घ्यायचे तर त्याच्या पगाराचा मोठा भाग केवळ किरायात जाईल. “माळवद गळतं तेव्हा आम्हीच परातं ठेवून रात्र काढली, आता दुरुस्तीच्या नावानं आम्हालाच बाहेर काढता काय?” असे त्यांनी पहिल्याच बैठकीत विचारले. दुसरीकडे थोरले वारस, ज्यांना सगळे काका म्हणतात, ते स्वतः त्याच गळक्या छताखाली राहत होते. त्यांचे एक भाऊ पुण्याला, बहीण जालन्याला आणि दिवंगत भावाचा मुलगा सिडकोत असतो. वाड्याच्या मालमत्ता पत्रकावर अजून त्यांच्या आजोबांचेच नाव होते.

वारसांपुढे तेव्हा तीन वाटा होत्या. पहिली, वाडा बिल्डरला देण्याची. एका बिल्डरने येऊन पाहणीही केली. राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत जुन्या, किरायेदार असलेल्या इमारतींच्या पुनर्विकासाला वाढीव चटईक्षेत्र, म्हणजे जास्त बांधकामाची परवानगी, देण्याची तरतूद आहे. पण चटईक्षेत्र रस्त्याच्या रुंदीशी बांधलेले असते, पार्किंगची जागा दाखवावी लागते, आणि गल्ली एवढी अरुंद की बांधकामाचा ट्रक आत वळत नाही. शेजारचे दोन वाडे जोडून मिळाले तरच परवडेल, असे सांगून बिल्डर निघून गेला. दुसरी वाट वाडा नोटिशीच्या जोरावर पाडून घेण्याची. ही सूचना करणारे बरेच होते. इमारत पडली की किरायेदारी संपली, असा त्यांचा समज होता. तो चुकीचा आहे. इमारत पाडली गेली म्हणून किरायेदाराचा हक्क आपोआप संपत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिला आहे. पाडून मोकळी जागा हाती आली असती, पण तिच्यावरचा वाद पुढच्या पिढीला आंदण मिळाला असता.

तिसरी वाट सर्वांत सोपी आणि माझ्या मते सर्वांत घातक होती. खालच्या कापड दुकानदाराने माडीच्या चारही खोल्या गोदामासाठी मागितल्या आणि महिना १८,००० रुपये देऊ केले. गोदामाला संडास लागत नाही, पाणी लागत नाही, खिडकी लागत नाही. मालकाला काही करावे लागत नाही, महिन्याच्या पहिल्या तारखेला पैसे येतात. जुन्या शहरातल्या कितीतरी माड्या अशाच भरल्या आहेत, आणि रात्री आठनंतर त्या गल्ल्यांत पाऊल टाकले की वर कुठेही दिवा दिसत नाही. पण निवासी मजल्यासाठी अभियंते दर चौरस मीटरला २०० किलोच्या आसपास भार धरतात; छतापर्यंत रचलेल्या कापडाच्या गठ्ठ्यांचा भार त्याच्या कितीतरी पट होतो. तो लाकडी तुळयांवर टाकायचा, खाली आजींचे बिऱ्हाड ठेवायचे आणि गल्लीत अग्निशमनाची गाडी शिरत नाही हे ठाऊक असताना टाकायचा, हा विचारच मला मान्य नव्हता. सुदैवाने अभियंत्याने लेखी दिल्यावर काकांनीही गोदामाला नकार दिला. दुकानदार काही दिवस नाराज होता.

उरला प्रश्न पैशांचा. बँकेत गेल्यावर पहिली अडचण मालमत्ता पत्रकाची निघाली, दुसरी मंजूर नकाशाची. आजोबांच्या नावावरच्या, नकाशा कधीच मंजूर न झालेल्या इमारतीवर कर्ज मिळत नाही, आणि जुन्या शहरातले बहुतेक वाडे याच अवस्थेत आहेत. बीड बायपासवर फ्लॅट घेणाऱ्याला जे कर्ज दोन आठवड्यांत मंजूर होते, ते गुलमंडीतल्या वाड्याच्या तुळया बदलायला मिळत नाही, ही गोष्ट पुनरुज्जीवनाच्या कोणत्याही आराखड्यात मला वाचायला मिळाली नाही. शेवटी पैसा रस्त्याच्या अंगानेच उभा राहिला. दोन गाळ्यांपैकी एक रिकामा होता. तो एका चष्म्याच्या दुकानाला नोंदणीकृत कराराने दिला आणि त्याच्या डिपॉझिटमधून पहिल्या टप्प्याचे काम सुरू केले. पुण्याच्या भावाने काही रक्कम घातली, जालन्याच्या ताईंनी आपला हिस्सा न सोडता कुलमुखत्यारपत्र दिले, जेणेकरून प्रत्येक सहीसाठी त्यांना यावे लागू नये. जुन्या किरायेदारांशी लेखी समझोता झाला. कायद्याप्रमाणे आजवर चढायला हवे होते तेवढे भाडे ते पुढे देतील, दुरुस्तीच्या खर्चापोटी कायद्याच्या मर्यादेत बसणारी थोडी वाढ मान्य करतील, आणि मालक त्यांना दरमहा पावती देईल. दुरुस्तीच्या काळात त्यांना पुढच्या दोन खोल्यांत हलवले गेले आणि काम संपताच पूर्वीच्या खोल्या परत देण्याचे पत्र आधी हातात दिले गेले. आजींनी ते पत्र नातवाकडून दोनदा वाचून घेतले आणि मगच सामान हलवू दिले.

दुरुस्तीचा तपशील थोडा सांगायला हवा, कारण किराया त्याच्यावर अवलंबून होता. माती पोत्यांत भरून दोराने चौकात उतरवली, कुजलेली टोके कापून जुन्याच सागवानाचे जोड लोखंडी पट्ट्यांनी बसवले आणि वर उताराचे पत्रे टाकले. माळवद गेल्याने माडी उन्हाळ्यात तापते. ही उणीव पत्र्याखाली फळ्यांची तक्तपोशी करून थोडीफारच भरून निघाली. मागच्या भिंतीवरचे सिमेंट खरवडून चुन्याचा गिलावा केला. खरा कस पाण्याने पाहिला. आपल्या शहरात नळाला पाणी कित्येक दिवसांच्या अंतराने येते, जायकवाडीवरून येणाऱ्या नव्या योजनेची वाट सगळेच पाहत आहेत, तोवर साठवण ज्याची त्यालाच करावी लागते. माडीवर आठ जण राहतील, दर माणशी रोज ८० लिटर आणि सहा दिवसांचा साठा असा हिशेब केला तर जवळपास ३,८०० लिटर होतात, म्हणजे पावणेचार टनांहून अधिक वजन. ते वर चढवणे अशक्य होते. म्हणून चौकाच्या कोपऱ्यात जमिनीवर टाक्या ठेवल्या आणि लहान मोटरने पाणी वर नेले. माडीला स्वतंत्र दोन संडास-न्हाणीघरे बांधली, परंतु त्यांची ड्रेनेज लाइन गल्लीतल्या जुन्या लाइनला जोडण्याचे काम इतर कोणत्याही कामापेक्षा जास्त रेंगाळले.

खोल्या कोणाला द्यायच्या, यावर घरात मतभेद झाले. काकांच्या मनात “फॅमिली, शाकाहारी, ओळखीतली” अशी अट होती. या शहरात खोली शोधणाऱ्या कोणालाही पुढचा प्रश्न पाठ असतो : आडनाव काय? नागसेनवनातल्या महाविद्यालयांत आणि विद्यापीठात शिकायला आलेल्या मुलामुलींनी, आणि मुस्लिम कुटुंबांनी तर विशेषच, या प्रश्नापायी किती उंबरे झिजवले असतील याची मोजदाद कोणी केलेली नाही. मी काकांना दोन गोष्टी सांगितल्या. एक, माणसाला आडनावावरून दार बंद करणे मुळात चूक आहे. दुसरी, जिना चढून, पार्किंग नसलेल्या गल्लीत कुटुंब राहायला येणार नाही; येतील त्या औरंगपुऱ्यातल्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या बीड, परभणी, हिंगोलीकडच्या मुली आणि घाटी या सरकारी रुग्णालयात काम करणाऱ्या परिचारिका, ज्यांना पायी किंवा एका बसने पोहोचता येणे हीच मोठी सोय वाटते. पुतण्याने हा मुद्दा उचलून धरला आणि अट सुटली. मालक स्वतः वाड्यात राहतात, रात्री देवडीचे दार लागते, हे पाहून पालकांनाही भरवसा वाटला. दोघींच्या खोलीला महिना ५,००० रुपये ठरले आणि चारही खोल्या भरल्या.

करार करताना आणखी एक गैरसमज समोर आला. अकरा महिन्यांचा करार नोटरी करून घेतला की झाले, अशी शहरभर समजूत आहे. १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे महाराष्ट्रात असा करार, मुदत कितीही असो, लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. ती जबाबदारी घरमालकाची आहे, आणि नोंदणी नसताना वाद झाला तर अन्यथा सिद्ध होईपर्यंत किरायेदार सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात. निवासासाठी लिव्ह अँड लायसन्सवर (ठरावीक मुदतीच्या परवान्यावर) दिलेली जागा मुदतीनंतर सोडली नाही तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते आणि त्या काळापुरते दुप्पट शुल्क मिळते. म्हणजे जुन्या किरायेदारीची जी भीती बाळगून लोक माड्या कुलूपबंद ठेवतात, तिच्यावर पंचवीस वर्षांपूर्वीच उपाय झालेला आहे. तरी लोक नोंदणी टाळतात याचे एक कारण मालमत्ता कर आहे. कराची आकारणी जागेच्या वार्षिक भाडेमूल्यावर होते, आणि किरायाची नोंद झाली की स्वतःच्या वापरातल्या घरापेक्षा आकारणी वाढते. काकांनी प्रामाणिकपणे नोंदणी केली.

आता हिशेब पाहावा. माडीचे मिळून महिना २०,००० रुपये येतात. गोदामाचे १८,००० आले असते. फरक फक्त २,००० रुपयांचा आहे, आणि त्यातून वाढीव कर, पाण्याच्या मोटरचे वीजबिल, पाणी लांबले की मागवावा लागणारा टँकर आणि दुरुस्तीचा खर्च भागवायचा आहे. निव्वळ पैशांत पाहिले तर गोदामच फायद्याचे होते. या प्रकरणात माणसे राहिली ती काकांच्या जिवाला पटले नाही म्हणून, आणि धोरणाचा भार एका व्यक्तीच्या सद्बुद्धीवर टाकता येत नाही. महानगरपालिकेला जुन्या शहरात वस्ती टिकवायची असेल तर नोंदणीकृत निवासी किरायावरचा वाढीव कर या भागापुरता तरी माफ करणे, धोकादायक इमारतीच्या नोटिशीत दुरुस्तीजोगे वाडे आणि खरोखर पाडण्याजोगे वाडे यांचा तपासणीअंती वेगळा उल्लेख करणे, आणि गल्लीतली ड्रेनेज लाइन सुशोभीकरणाच्या आधी बदलणे, एवढे तिच्या हातात निश्चित आहे. वाड्याच्या दुरुस्तीला लहान रकमेचे कर्ज मिळण्यासाठी मात्र भूमी अभिलेख कार्यालयाने वारसनोंदींची खास मोहीम घ्यावी लागेल. त्याशिवाय बँका दारात उभे करणार नाहीत. दरवाज्यांवर खर्च झाला त्याच्या काही अंशात हे काम होऊ शकते, असे माझे मत आहे.

सध्या वाड्याची स्थिती अशी आहे. संरचना अभियंत्याचे स्थैर्य प्रमाणपत्र दाखल केले आहे, पण नोटीस मागे घेतल्याचे पत्र अद्याप आलेले नाही. वारसनोंदीचा अर्ज प्रलंबित आहे, कारण आजोबांच्या काळातल्या एका वाटणीपत्रावरची सही जुळत नाही, असा शेरा त्यावर पडला आहे. शेजारच्या वाड्याचे मालक दोनदा येऊन माळवदाचे काम पाहून गेले; त्यांच्याही माडीवर सध्या गोदाम आहे आणि त्याचा करार येत्या वर्षी संपतो. माती उतरवण्याचा खर्च किती आला, संडास कुठे बसवले आणि मुली किराया वेळेवर देतात का, एवढेच त्यांनी काकांना विचारले. काकांनी खर्चाची वही त्यांच्यापुढे ठेवली.